ट्रस रॉड जाम झालाय? आधी तो स्प्रे खाली ठेवा

अकूस्टिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: "ट्रस रॉड फिरत नसेल तर साउंडहोलमधून गंज काढायचा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा आणि ॲलन कीला पाइप लावून जोर द्या. तारा उतरवायची गरज नाही." ट्रस रॉड म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) आत बसवलेली धातूची सळई. तिच्या टोकाचा नट साउंडहोलमधून, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या भोकातून, ॲलन कीने (षटकोनी चावीने) फिरवून नेकचा वाक कमी-जास्त करतात. चांगल्या गिटारीची नेक अशा सल्ल्याने कायमची जाऊ शकते, म्हणून हे लिहितोय.

स्प्रेचं आधी बघू. रॉड फिरत नाही म्हणजे तो गंजलाच असेल असं नाही. पुष्कळदा नट आट्यांच्या शेवटापर्यंत आवळलेला असतो, किंवा नेकचा सगळा ताण त्याच्यावर असतो. अशा वेळी स्प्रे काय सोडवणार? उलट तो नेकच्या लाकडात मुरतो, डाग पडतात, पुढे तिथे काही चिकटवायचं झालं तर सरस धरत नाही. गंज खरंच दिसत असेल तर टूथपिकच्या टोकाने एक थेंब तेल फक्त आट्यांवर लावा.

पाइपबद्दल एवढंच: रॉड आत तुटला तर बहुतेक वेळा फिंगरबोर्ड (नेकवर चिकटवलेली, बोटं दाबायची लाकडी पट्टी) उचकटावा लागतो. त्याआधी नटचा षटकोन गोल होतो. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, तिथे ४.५ मिमीची की बसल्यासारखी वाटते आणि कोपरे खाऊन टाकते. साउंडहोलमधून आखूड की तिरकी लागली तरी तेच. लांब, अचूक मापाची की घ्या.

सगळ्यात घातक वाक्य तारांचं आहे. स्टीलच्या लाइट तारा सुरात असताना नेकवर साधारण ७० किलोंची ओढ असते. त्या ओढीविरुद्ध जाम नट आवळणं म्हणजे सगळा भार आट्यांवर टाकणं. तारा पूर्ण ढिल्या करा. मग फिंगरबोर्डवर एक सरळ, जाड पट्टी धरा, तिच्या दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे ठेवा आणि मधोमध नेकला मऊ गादी देऊन क्लॅम्प हलकेच आवळा. नेक किंचित मागे वाकते, ताण क्लॅम्प घेतो, आणि अडलेला नट कित्येकदा हाताने फिरतो. आधी सोडायच्या दिशेनेच फिरवा.

नेकला एकाच दिशेने वाकवणाऱ्या रॉडचा नट पूर्ण निघतो. काढून आटे पुसा, तेल लावा, आटे संपत असतील तर एक वॉशर घाला. दोन्ही दिशांना वाकवणाऱ्या रॉडचा नट मात्र बहुतेकदा वेल्ड केलेला असतो. तो काढायच्या नादात वेल्डच तुटतं.

आणि मुळात रॉड फिरवायचा होता का? तारा उंच वाटतात एवढ्यावरून ठरवू नका. तारा सुरात असताना पहिल्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारी पकड, लावा, नेक बॉडीला मिळते तिथे सहावी तार दाबा, सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधली फट पाहा. ती ०.१ ते ०.२५ मिमी असेल तर नेक ठीक आहे. उंची सॅडलमुळे (बॉडीकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) किंवा नेकच्या कोनामुळे आहे, आणि तिथे रॉडचं काही काम नाही.

क्लॅम्प लावूनही नट मनगटाच्या साध्या जोराने हलला नाही, तर तिथेच थांबा आणि गिटार कारागिराकडे न्या.