आकाश निळं असलं तरी घळीत पूर येतो

अमेरिकेत ॲरिझोना-युटाहच्या सहलीला निघणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला फिरतोय : 'वर आकाश निरभ्र असेल तर अरुंद घळीत बिनधास्त उतरा, पूर येत नाही.' हे साफ चुकीचं आहे.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. घळीपाशी पाऊस जेमतेम झाला होता. वादळ कोसळलं ते कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला. तिथला खडक आणि वाळून टणक झालेली जमीन पाणी फारसं मुरू देत नाही. सगळा लोंढा उतारावरून थेट घळीत शिरतो, आणि काही ठिकाणी ती इतकी अरुंद की दोन्ही हात पसरताही येत नाहीत. सांदण दरी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिकडचा मान्सून साधारण १५ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे नेमका आपल्या पाहुण्यांच्या फेऱ्यांचा काळ. अँटिलोप नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या भूमीवर आहे, तिथे वाटाड्याशिवाय प्रवेशच नाही. त्यानं फेरी रद्द केली तर कृपा करून हुज्जत घालू नका. युटाहमधल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या 'नॅरोज' या अरुंद घळीत मात्र वाटाड्या सक्तीचा नाही. तिथे उतरण्याआधी त्या दिवशीचा पुराच्या धोक्याचा अंदाज उद्यानाच्या माहिती केंद्रात विचारा, आणि तो फक्त डोक्यावरच्या आभाळाचा नव्हे, वरच्या सगळ्या पाणलोटाचा.