'एक पुणेकर' यांना उत्तर : आधी टोचणं, मग चिकटणं

नमस्कार.

'स्टिक' या इंग्रजी शब्दाच्या अनेक अर्थांवर मी लिहिलेल्या लेखाखाली परवा रात्री तुमची प्रतिक्रिया आली. ती मी तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ कळावा म्हणून इथे उतरवते : "बाई, स्टिक म्हणजे चिकटणे, हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे. टोचणे हा अर्थ तुम्ही कुठल्यातरी कोशाच्या तळातून उकरून काढलात. तिकीट म्हणे त्याच शब्दातून आलं! मोल्सवर्थचं साल चुकलंय, लेख फार लांब आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांना इंग्रजी शब्दाचा एवढा पुळका कशाला?" खाली नाव नाही, नुसतं 'एक पुणेकर'. मीही पुणेकरच आहे. नारायण पेठेत जन्मले, लग्न होऊन कोथरूडला आले. मी माझ्या नावाने लिहिते.

तुमचा पहिला शब्द 'बाई'. आमच्या शाळेत शिक्षिकांना आम्ही बाईच म्हणायचो. त्या शब्दात धाक होता आणि मायाही होती. आजही माझ्या मराठीच्या बाई रस्त्यात दिसल्या तर मी आपोआप सरळ उभी राहते. तुमच्या वाक्यात त्या शब्दाचं काम वेगळं आहे. पुढचं ऐकण्याआधीच समोरच्याला गप्प बसवायचं, एवढ्यासाठी तो आलाय. तुम्हाला कदाचित जाणवलंही नसेल, पण मला जाणवलं. एकच शब्द, एकाच्या तोंडी आदर आणि दुसऱ्याच्या तोंडी टोमणा. शब्दांच्या अर्थांवरच्या लेखाखाली हे घडावं याचं मला वाईट वाटलं. सोनारानेच कान टोचावेत हे मला मान्य आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त वाचलेल्या लोकांनी माझे कान अनेकदा टोचलेत. पण सोनार त्यासाठी बारीक तार घेतो. दाभण घेऊन येत नाही.

साल चुकलं होतं, हे कबूल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. टोचणं, बोचणं, खुपणं, रुतणं या नोंदी मी दुसऱ्या आवृत्तीच्या पुनर्मुद्रणात पाहिल्या आणि साल पहिल्या आवृत्तीचं लिहिलं. लेखात दुरुस्ती केली आहे. ही चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता 'कोशाच्या तळातून'. हे वाक्य मला सोडवत नाही.

इतिहासाच्या क्रमाने रचलेला कोश ज्याने उघडून पाहिलाय, तो असं लिहिणार नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश याच तत्त्वावर रचलेला आहे. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ साल उजाडलं. त्यात शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आधी येतो आणि मग त्याच्या फांद्या. आपल्याच पुण्यात, येरवड्याच्या बाजूला, डेक्कन कॉलेजात १९४८पासून संस्कृतचा जो महाकोश चालू आहे, तोही ऐतिहासिक तत्त्वांवरचाच. अशा कोशात 'स्टिक' हे क्रियापद काढा. टोचणं, भोसकणं हे तळाला नाही, नोंदीच्या डोक्यावर आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'स्टिकिअन' असा होता. त्याचा अर्थ टोकदार वस्तू आत घुसवणं, आणि घुसलेली वस्तू तिथेच अडकून राहणं. डिंक आणि चिकटपट्टी त्याच्या पुढची पायरी. काठी या अर्थाचा 'स्टिक' हाही त्याच घरातला : टोक केलेली, रोवायची फांदी किंवा खुंटी.

टोचण्याचं चिकटणं कसं होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. आपण काय म्हणतो? पायात काटा रुतला. मग गाडी चिखलात रुतली. मग एखाद्याचं बोलणं मनात रुतून बसलं. पहिल्या वाक्यात टोक आहे. दुसऱ्यात टोक नाही, नुसतं अडकणं आहे. तिसऱ्यात काटाही नाही आणि चिखलही नाही. इंग्रजीतला हा शब्द नेमक्या याच वाटेने गेला. 'सलणं' घ्या. मुळात शल्य, म्हणजे अंगात घुसून राहिलेलं बाणाचं टोक. आज बाण कुणाला लागत नाही, तरी आपल्याला सलतं. म्हणून मी लेखात टोचण्याला पहिली जागा दिली. कोशातली दुर्मीळ गोष्ट दाखवून मिरवायचं असतं, तर त्यासाठी यापेक्षा कितीतरी विचित्र शब्द सापडले असते.

आणि हा अर्थ मेलेलाही नाही. मी सव्वीस वर्षं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त काढलंय. तान्ह्या बाळाच्या टाचेतून काढलंय, केमोथेरपीने शिरा कडक झालेल्या माणसांच्या हातातून काढलंय, आणि सुई पाहून भोवळ येणाऱ्या पैलवानांचंही काढलंय. तिथे 'नीडल स्टिक' हा शब्द कुणी कोशातून आणत नाही. त्याचं रजिस्टर असतं. काम करणाऱ्याला वापरलेली सुई चुकून लागली की त्यात नोंद करायची. तारीख, वेळ, कुठलं बोट, सुई पोकळ की टाक्याची.

२००४ साली त्या रजिस्टरमध्ये माझं नाव गेलं. डाव्या हाताची तर्जनी. सुईवर टोपण परत बसवायचं नसतं हे मला माहीत होतं, पण दुपारची घाई होती आणि हाताने सवयीने ते केलं. चूक सर्वस्वी माझी. पेशंट एचआयव्ही बाधित होता. सिस्टर धावत आल्या आणि म्हणाल्या, "बोट पिळू नका, तोंडात घालू नका, साबण लावून नळाखाली धरा." डॉक्टरांनी सांगितलं की अशा सुईने संसर्ग होण्याचा धोका हजारात तीन. उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं, बहात्तर तासांच्या पुढे जायचं नाही. अठ्ठावीस दिवस गोळ्या. मग सहा आठवड्यांनी तपासणी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. हजारात तीन हा आकडा ऐकायला लहान आहे. रात्री दोन वाजता तो लहान राहत नाही. मुलगी तेव्हा चौथीत होती, आणि मी तिची नखं कापायचीसुद्धा थांबवली होती, ज्याची काहीएक गरज नव्हती. मला ते कळत होतं, तरी थांबवली होती.

तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या.

सुई बोटात शिरून बाहेर यायला एक सेकंदही लागला नसेल. आणि सहा महिने ती तिथेच होती. त्याच काळात, झोप येत नाही म्हणून, अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या जुन्या इंग्रजी कोशात मी 'स्टिक' हा शब्द पहिल्यांदा शोधला. टोचणं आणि रुतून राहणं हे दोन्ही अर्थ एकाखाली एक छापलेले दिसले. तो लेख मी तेव्हापासून लिहीत होते, एकविसाव्या वर्षी पुरा झाला. आता 'उकरून काढलात' हे तुमचं क्रियापद पुन्हा वाचून पाहा.

त्या वॉर्डात आम्ही आणखी एक शब्द रोज वापरायचो : स्टिग्मा. एड्सचा स्टिग्मा, म्हणजे बाधित माणसावर समाज मारतो तो शिक्का. हा ग्रीक शब्दही त्याच मुळातला आहे. टोकदार हत्याराने अंगावर केलेली खूण. ग्रीक लोक गुलामांच्या कातडीवर अशा खुणा गोंदत. सुई आणि शिक्का एकाच कुळातले आहेत हे मला कळलं, तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. लेखात हा भाग तिसऱ्या परिच्छेदात आहे. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही, म्हणजे तुम्ही तिथवर पोचला नसावात.

तिकीट. उद्गारचिन्ह देऊन तुम्ही हा मुद्दा निकालात काढलात. तर जुन्या फ्रेंचमध्ये चिकटवणं, लावणं या अर्थाचं एक क्रियापद होतं, जर्मानिक भाषेतून, याच मुळातून आलेलं. त्यावरून कुठेतरी लावलेली चिठ्ठी म्हणजे 'एतिकेत'. ती चिठ्ठी इंग्रजीत सोळाव्या शतकात 'टिकिट' झाली आणि तिथून आपल्या एसटीत आली. 'एटिकेट', म्हणजे शिष्टाचार, हाही तोच शब्द, फ्रेंचमधून पुन्हा एकदा उचललेला. इंग्रजीतला 'स्टिच', म्हणजे आपला टाका, आधी नुसतं टोचणं होता. पळताना बरगडीखाली चमक भरते तिलाही इंग्रजीत स्टिचच म्हणतात.

लेखात जागेअभावी गाळलेली एक गोष्ट इथे सांगते, कारण मला ती सगळ्यात आवडते. हे मूळ संस्कृतातही आहे. तिज्, म्हणजे धारदार होणं, धार लावणं. त्यावरून तेज, तिग्म, तीक्ष्ण. तीक्ष्णचं प्राकृतात झालं तिक्ख, आणि तिक्खवरून आपलं तिखट. म्हणजे आजीच्या मिसळणाच्या डब्यातलं तिखट आणि स्वारगेटच्या खिडकीवरचं तिकीट हे एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि मराठीत येऊन पुन्हा शेजारी बसले. इंग्रजी शब्दाचा पुळका म्हणता तो हा. तो शब्द खणत गेले आणि खाली तिखट लागलं. माझ्या मराठीवरच्या प्रेमाचा दाखला मी अनोळखी माणसाला देणार नाही. सतरा वर्षांचं लिखाण इथेच आहे, सगळं उघडं आहे.

लेख लांब आहे. हो, आहे.

आज बोलताना बहुतेक लोक 'स्टिक' म्हणजे चिकटणं याच अर्थाने वापरतात, असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर तसं मी लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. स्टिकर कुणाला टोचत नाही हे मलाही माहीत आहे. तुम्ही तेवढंच आणि तसंच म्हटलं असतंत, तर हे उत्तर दोन ओळींत संपलं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. दोन नेहमीच्या वाचकांनी तुम्हाला खाली जे उलट सुनावलंय त्यातली एक ओळ मात्र काढली, ती तुमच्या घरच्यांवर गेली होती. तिकिटाच्या प्रवासाबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, फ्रेंचच्या टप्प्यावर मला अजून बरंच लिहायचंय. फक्त या खेपेला खाली नाव लिहा.