स्पॅनिशचं चौथं वर्ष आणि पक्याची एक्सेल शीट

विषय पक्यानेच काढला. रविवारी मुलं मराठी शाळेत सोडली की ओक ट्री रोडवरच्या चहावाल्याच्या बाहेर आमचा कट्टा भरतो, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्यांना कोपरा सांगायची गरज नाही. थंडी मरणाची होती, तरी आत कोणी बसत नाही कारण आत बसलं की आवाज चढवता येत नाही. पक्या म्हणाला, "शुक्रवारपर्यंत कोर्स सिलेक्शनचा फॉर्म भरायचाय. मी स्वरालीचं स्पॅनिश बंद करतोय. आठवीपासून धरलं तर तीन वर्षं झाली, बास. त्या जागी एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॉम्प्युटर सायन्स."

आणि लगेच फोन काढून एक्सेल शीट. पक्याकडे प्रत्येक गोष्टीची शीट असते, पोरीच्या बारशाच्या वेळी आहेरांचीसुद्धा होती. "हे बघा. न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला भाषेचे पाच क्रेडिट म्हणजे एकच वर्ष. प्रवेशाला रटगर्स युनिव्हर्सिटीला दोन. एमआयटी दोनच म्हणतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सगळ्या कॅम्पसना, म्हणजे यूसींना, दोन. मग चौथं वर्ष कशासाठी? घातलेल्या वेळाचा आरओआय, म्हणजे परतावा, काय?"

वैशालीने फोन हातात घेतला, शीट वरखाली केली आणि म्हणाली, "पक्या, कॉलेजं प्रवेशाची माहिती देतात त्या कॉमन डेटा सेटमध्ये, कुठला विषय किती वर्षं त्या सी-५ तक्त्याला दोन कॉलम असतात, रिक्वायर्ड आणि रिकमेंडेड. दुसरा डिलिट केलास का लपवलास?"

"रिकमेंडेड म्हणजे ऑप्शनल गं."

"यूसीला दोन लागतात पण तीन केली तर बरं असं तेच लिहितात. स्टॅनफर्ड तीन किंवा जास्त म्हणतं. हार्वर्ड चार म्हणतं. आणि प्रिन्स्टन, जे इथून अर्ध्या तासावर आहे आणि जिथे तू दर पाहुण्याला फोटो काढायला नेतोस, तेही चार म्हणतं, एकाच भाषेची. एमआयटीचे दोन बघून उड्या मारतोयस, तिथे दोनावर थांबलेली पोरं बाकी काय काय करून आलेली असतात ते टाक की शीटमध्ये."

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांच्यासाठी मी इथे मधेच बोलतो, कारण हा घोळ मी दरवर्षी बघतो. कॉलेजच्या साइटवर जो आकडा असतो तो अर्ज कचऱ्यात जाऊ नये म्हणून असतो. त्याच्यावर प्रवेश मिळत नाही. अर्जासोबत शाळेचा कौन्सेलर जो रिपोर्ट पाठवतो त्यात त्याला सांगावं लागतं की शाळेत जे काही उपलब्ध होतं त्यातलं या मुलाने किती अवघड घेतलं. शाळेत एपी स्पॅनिशपर्यंत वर्ग आहेत आणि तुमची मुलगी लेव्हल तीनवर उतरली, हे वाचणाऱ्याला दिसतं. त्या जागी तितकंच तगडं काही घेतलं असेल तर चालून जातं, नाही असं नाही. पण "दोनच मागितलेत" हे कारण होऊ शकत नाही.

मंदारचं म्हणणं वेगळंच. त्याला आठवीतलं वर्ष धरायचं का नाही यात रस. त्याची बहीण क्युपर्टिनोला, त्यामुळे यूसीचे नियम त्याला तोंडपाठ. तिकडे सातवी-आठवीत शिकलेली भाषा धरतात, आणि वरची लेव्हल पास झाली की खालची झालीच असं मानतात. "म्हणजे वर्षं मोजण्यात अर्थच नाही, लेव्हल बघा," मंदार म्हणाला, आणि कागदी नॅपकिनवर हिशोब मांडायला लागला. ४५ मिनिटांचा पिरियड, वर्षाला १८० दिवस, म्हणजे १३५ तास. दोन वर्षांचे २७०. "आणि इथलं परराष्ट्र खातं स्वतःच्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवायला ६०० ते ७५० तास धरतं, आणि ती माणसं पगार घेऊन शिकतात. चार वर्षं केली तरी ५४०च होतात रे."

"मग चार वर्षं करूनही येणार नाही, माझाच मुद्दा!" पक्या टाळीसाठी हात पुढे करून उभा. कोणी टाळी दिली नाही.

वैशाली नर्स आहे, रात्रपाळी करते, आणि तिच्या वॉर्डात निम्मे पेशंट न्यू ब्रन्सविककडचे, बरेचसे मेक्सिकोतल्या ओआहाकातून आलेले. नोकरी लागल्यावर तिने कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचं स्पॅनिश घेतलं. "इंटरप्रिटर बोलावतोच आम्ही, औषधाचं आणि ऑपरेशनचं त्याच्याशिवाय बोलायचंच नाही. पण रात्री तीनला एखादी आजी नुसती घाबरून जागी असते तेव्हा काय व्हिडिओवरच्या इंटरप्रिटरची गाडी ढकलत न्यायची? दोन वर्षं शिकले तेव्हा मला 'दुखतंय का' एवढं विचारता यायचं. ती काय उत्तर देतेय ते कळायला तिसरं वर्ष लागलं."

यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मला विचाराल तर चर्चा इथेच संपली होती. पहिली दोन वर्षं म्हणजे रंग, आकडे, क्रियापदांचे तक्ते, हॉटेलात ऑर्डर द्यायची नाटकं. नंतर कुठे पोरं धडा सोडून गोष्ट वाचायला लागतात, बातमी ऐकतात, चिडून त्या भाषेत भांडू शकतात. नेमकं तिथे पोचल्यावर सोडायचं आणि वर त्याला प्लॅनिंग म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. माझी मुलगीही दहावीत आहे आणि ती एपीपर्यंत जाणार, हे आमच्याकडे ठरलंय.

पण पक्या गप्प बसेल तर तो पक्या कसला. "अगं कॉलेजंच भाषा बंद करतायत! वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने २०२३ला भाषांच्या मेजर डिग्र्या उडवल्या. २०१६ ते २०२१मध्ये कॉलेजात भाषा घेणारे साडेसोळा टक्क्यांनी कमी झाले. टेक्सासमध्ये हायस्कूलला फॉरेन लँग्वेजऐवजी कोडिंग चालतं!"

हे मात्र सगळं खरं आहे, आणि पक्याच्या तोंडून खरं आलं की जरा गडबडायला होतं. वैशाली गडबडली नाही. "टेक्सासच्या शाळेतून पास व्हायला चालतं. टेक्सासबाहेरचं कॉलेज पायथॉनला भाषा धरेल का ते आधी विचार. आणि कॉलेजं भाषा बंद करतायत म्हणून तू हायस्कूलमध्येच बंद करतोयस? मग नंतर शिकायची कुठे, तुझ्या ड्युओलिंगो ॲपवरच्या घुबडाकडून?"

"बरं, ते सोडा. स्वराली मराठी शाळेत येते, तीच फॉरेन लँग्वेज दाखवू."

इथे मंदारने चहा सांडला. कारण स्वराली गाडीतून उतरताना काय चेहरा करते ते अख्ख्या पार्किंगला माहीत आहे. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठीची प्रोफिशियन्सी परीक्षा आहे, सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा येतात याचं प्रमाणपत्र, मिळवता येतं, न्यू जर्सीत शाळेने परवानगी दिली तर परीक्षेवर क्रेडिटही मिळतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांमधले शिक्षक रविवार मोडून, बहुतेक ठिकाणी फुकट, ही मुलं त्यासाठी तयार करतात, आणि त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. मराठीचं एपी नाही, हिंदीचंही नाही. एपी सातच भाषांचं आहे. म्हणून स्पॅनिश आणि मराठी दोन्ही करा. एकीचं नाव सांगून दुसरीतून सुटका करून घेऊ नका.

मंदारचे वडील, नाना, सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेत, तोपर्यंत कानटोपी घालून नुसतं ऐकत होते. ते म्हणाले, "तिकडे पहिलीपासून तिसरी भाषा नको म्हणून केवढा गोंधळ झाला, सरकारला जून २०२५मध्ये जीआर मागे घ्यावे लागले. आणि इथे तुम्ही चौथं वर्ष हवं म्हणून भांडताय."

"नाना, पहिलीतल्या पोरावर लादणं वेगळं हो," वैशाली म्हणाली. "ही सोळा वर्षांची घोडी आहे, तिने स्वतः निवडलेली भाषा आहे."

त्यावरून गाडी जीआरवर, तिथून राजकारणावर, तिथून २०१९च्या गणपतीत पक्याने नाटकातले संवाद मोबाइलवर बघून वाचले होते त्यावर गेली. मग नानांनी विचारलं, "पक्या, तू शाळेत कुठली भाषा घेतली होतीस?"

"दहावीला पूर्ण संस्कृत, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. अकरावी-बारावीला जर्मन."

"का?"

"स्कोरिंग."

"एखादं सुभाषित म्हण."

पक्याने विषय बदलायचा प्रयत्न केला, पण मंदार सोडतोय होय. "नाना, आम्ही एकत्र भारतात चाललो होतो, फ्रँकफर्टला फ्लाइट चुकली. काउंटरवरच्या बाईशी हा जर्मनमध्ये बोलायला गेला. दोन वाक्यं झाली आणि ती बाई म्हणाली, सर, प्लीज इंग्लिश."

"म्हणून तर सांगतोय ना, शाळेत भाषा शिकून काही होत नाही!"

"तू शिकला नव्हतास, तू स्कोर केला होतास," वैशाली म्हणाली. पक्याने यावर समोसा खाल्ला.

शेवटी मीच विचारलं, "अरे पण स्वरालीचं काय म्हणणं आहे?"

पक्या म्हणाला, "विचारतो आज."

"अजून विचारलंच नाहीयेस?" चौघांनी एकदमच. मंदारने तिथल्या तिथे त्याला फोन लावायला लावला, स्पीकरवर. मराठी शाळेची मधली सुट्टी चालू असणार, मागे नुसता दंगा. पक्याने मोठ्या मायेने विचारलं, बाळा, स्पॅनिश ठेवायचं का कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं? पलीकडून उत्तर आलं, "बाबा, मी मंगळवारीच फॉर्म सबमिट केला. दोन्ही घेतलंय. स्पॅनिश फोर ऑनर्स. लंचनंतरचा स्टडी हॉलचा मोकळा पिरियड काढून टाकला."

"मला दिसला कसा नाही पोर्टलवर?"

"बाबा, तुमचा पासवर्ड ऑगस्टपासून एक्सपायर झालाय."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि सगळ्यांचे चहाचे पैसे पक्याने द्यायचे हे मात्र कुठलीही चर्चा न होता ठरलं.