बिनघामाची एक्सपोर्ट बाग

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात जमीन आहे, द्राक्षाचा मांडव वडिलांनीच उभा करून ठेवलाय, डॉगरिज खुंटावर कलम केलेली थॉमसन जातीची वेल जोमात आहे. शेजाऱ्याचा कंटेनर युरोपला गेला, तसा तुमचाही जाईलच. फक्त उगाच राबू नका.

सुरुवात एप्रिलच्या खरड छाटणीपासून, म्हणजे नव्या काड्या वाढवायच्या छाटणीपासून. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड ठरतो म्हणतात. पण तो दिसतो का? नाही ना! मग मे महिन्याच्या उन्हात फेलफूट (नको असलेले फुटवे) काढायची, सबकेन करायची (काडी खुडून बगलेतून नवी काडी घ्यायची), काड्या विरळ ठेवायच्या, हे कोणासाठी? दाटी होऊ द्या, मांडव हिरवागार दिसतो, स्टेटसला फोटो छान येतो. डोळ्यांना ऊन मिळालं नाही की ऑक्टोबर छाटणीनंतर घड जिरतो, त्याच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा निघतो. तेव्हा हवामानाला शिव्या घाला. नाशकात त्या कामाला सोबत लगेच मिळते.

शेंडे खुडायला बायका लागतात, मजुरी जाते. त्यापेक्षा सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट हे वाढरोधक मारून वाढ थोपवा. 2010 साली याच क्लोरमेक्वाटचा अंश मण्यांत सापडून युरोपात भारतीय माल अडकला होता. तेव्हा कित्येक बागायतदार रडले. आता कोणाला आठवतंय?

पावसाळ्यात डावणी हा बुरशीचा रोग आला तर बोर्डो मिश्रण फवारावं लागेल. एक टक्क्याला मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, चुना गाळायचा, मग एकत्र करायचं, तेही प्लास्टिकच्या पिंपात. एवढ्या भानगडीत एक फवारणी सहज निघते. तुम्ही थेट लोखंडी टाकीतच ओता. द्रावणात चकचकीत विळा बुडवून बघणारे काही चिकट लोक असतात. पात्यावर तांबूस थर चढला तर आम्लता राहिली, म्हणजे आणखी चुना हवा. तुम्ही विळा बुडवू नका, म्हणजे थर चढणार नाही. पानं करपली तर औषध बोगस म्हणायला दुकानदार आहेच. उरलेलं मिश्रण उद्या वापरा. शिळं बोर्डो नीट चिकटत नाही, पण फेकायला जीव होत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना ते औषध लावणं. हातमोजे काढून करा, काम भराभर होतं. आणि संध्याकाळी गड्यांना श्रमपरिहाराची बाटली द्या. या औषधानंतर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, धाप लागते, चक्कर येते. पण डॉक्टर काय, ओझरला, पिंपळगावला कुठेही मिळतो. (इथे मात्र ऐकाच कोणाचं तरी. बाटली नको.)

मणी 3-4 मिलिमीटरचा झाला की जीएचं (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवणारं संजीवक) डिपिंग, म्हणजे घड त्याच्या द्रावणात बुडवणं. 40 पीपीएमला 25 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, म्हणजे वजनकाटा आला, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवणं आलं. चिमूट टाका. थोडं जास्त पडलं की मणी फुगतो, देठ जाड आणि ठिसूळ होतो, पुढच्या वर्षी घड कमी लागतात. पण पुढचं वर्ष अजून लांब आहे.

विरळणी तर शुद्ध वेडेपणा. कात्री घेऊन घडात शंभर-सव्वाशे मणी ठेवायचे आणि बाकीचे स्वतःच्या हातांनी जमिनीवर टाकायचे! दीड चौरस फुटाला एक घड हे गणितही शेजाऱ्याकडेच राहू द्या. तुमच्याकडे घड दुप्पट असतील, मणी बारीक, 13 मिलिमीटरचे असतील, आतले चेपून फुटतील आणि कूज लागेल. वजन मात्र भरेल.

गोडी मोजताना रिफ्रॅक्टोमीटरवर घडाच्या खांद्यावरचा, उन्हातला मणी पिळा. तो 18 ब्रिक्स (गोडीचं माप) दाखवतो. शेंड्याकडचा मणी पिळूच नका. व्यापारी नेमका तोच पिळतो, त्याला वाईट सवय आहे. त्याने भाव पाडला तर ताठ मानेने सांगा, "राहू द्या, आम्ही बेदाणा करू." बेदाण्याला गोडी 22 च्या पुढे लागते, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो फारसा वाद घालत नाही.