त्यांचे भांडण त्यांचेच राहू द्या

आज पुन्हा तो संदेश आला. सरदार पटेलांच्या अंत्यसंस्काराला नेहरू गेलेच नव्हते, असे ठासून सांगणारा आणि शेवटी पुढे पाठवण्याची आज्ञा देणारा. पाठवणारे गृहस्थ माझ्या परिचयातले, निवृत्त, चांगले वाचणारे आहेत. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत पटेलांचे निधन झाले, त्याच दिवशी नेहरू दिल्लीहून आले आणि अंत्यसंस्काराला उपस्थित राहिले, असे मी त्यांना कळवले. त्यावर त्यांचे उत्तर आले, "असेल, पण दोघांचे पटत नव्हते हे तर खरे ना?"

खरे आहे, आणि ते लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही. मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन मोठ्या माणसांनी खुर्ची सोडण्याची तयारी ठेवून, सही करून, कागदावर घातलेला वाद आपण भाऊबंदकीच्या पातळीवर आणून ठेवला आहे, आणि आता त्यातला एक पक्ष निवडल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत मुख्याध्यापक वयाने लहान आणि उपमुख्याध्यापक त्यांच्याहून बरेच मोठे होते. संस्थाचालकांनी पद धाकट्यांना दिले होते आणि ते अर्ध्या शिक्षकांच्या पचनी पडले नव्हते. वेळापत्रकापासून शिस्तीपर्यंत दोघांचे क्वचितच एकमत होई; परंतु वाद चाले तो चिठ्ठ्यांवर, आणि आम्हाला त्याचा अंदाज येई तो केवळ शिपायाच्या फेऱ्यांवरून. एकदा शिक्षकखोलीत कोणीतरी मोठ्या सरांना खूश करण्यासाठी म्हणाले, "खरे तर त्या खुर्चीत तुम्हीच हवे होतात." सरांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "शाळेला मुख्याध्यापक एकच असतो. तुमचा आता तास आहे ना?"

नेहरू आणि पटेल यांच्याविषयी वाचताना मला हे सर आठवतात. पटेल नेहरूंपेक्षा चौदा वर्षांनी मोठे होते आणि संघटनेवर त्यांचा हात घट्ट होता. १९४६ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी बहुतेक प्रांतिक समित्यांनी त्यांचेच नाव सुचवले होते, हे मी मान्य करते. मान्य न करून सांगणार कोणाला? गांधीजींच्या इच्छेखातर ते बाजूला झाले. पुढे अजमेरच्या दंगलीनंतर नेहरूंनी आपले सचिव अय्यंगार यांना परस्पर तिकडे पाठवले आणि गृहमंत्री पटेल दुखावले. प्रश्न मानापमानाचा वाटला तरी मुळात तो राज्यकारभाराचा होता: पंतप्रधानाने कोणत्याही खात्यात लक्ष घालावे, की तो बरोबरीच्या मंत्र्यांमधला केवळ पहिला आहे? जानेवारी १९४८ मध्ये दोघांनी आपापली बाजू लिहून गांधीजींपुढे ठेवली. तोवर राज्यघटनाही तयार झालेली नव्हती, आणि पंतप्रधानपद म्हणजे नेमके काय, हे ही दोन माणसे भांडून ठरवू पाहत होती. याला द्वेष म्हणायचे असेल तर असे द्वेष्टे आपल्याला आणखी मिळायला हवे होते.

३० जानेवारीच्या त्या संध्याकाळी गांधीजींना प्रार्थनेला उशीर झाला, कारण ते याच विषयावर पटेलांशी बोलत होते. तुम्ही दोघेही सरकारात हवे आहात, असे त्यांनी पटेलांना सांगितले आणि प्रार्थनेनंतर ते नेहरूंशी बोलणार होते. हे लिहिताना माझा सकाळचा राग बराच उतरला आहे. त्यानंतर ३ फेब्रुवारीला नेहरूंनी पटेलांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या दोघांमधील मतभेद फुगवून सांगणाऱ्या कुजबुजीचा त्यांना किती त्रास होत होता, हे दिसते. म्हणजे हा उद्योग तेव्हाही चालू होता. तेव्हा तो निदान दबक्या आवाजात होई. पटेलांनी दोनच दिवसांनी उत्तर लिहिले, आणि ते इतके हळवे आहे की पोलादी पुरुषाचा पुतळा मनात घेऊन बसलेल्यांना ते पचणार नाही.

आता असे संदेश खोडून काढणाऱ्या आपल्या बाजूच्या मित्रांविषयी. 'मतभेद होते, मनभेद नव्हते' असे गुळगुळीत वाक्य टाकून तुम्ही मोकळे होता, तेही मला खपत नाही. राष्ट्रपतिपदासाठी नेहरूंना तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी हवे होते, पटेलांचे वजन राजेंद्रप्रसादांच्या बाजूला पडले आणि राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती झाले. १९५० मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी नेहरूंचा विरोध असूनही पटेलांच्या पाठिंब्याचे पुरुषोत्तमदास टंडन १,३०६ मते घेऊन निवडून आले आणि आचार्य कृपलानी १,०९२ मतांवर राहिले. ही उघड लढत होती आणि मने नक्कीच दुखावली होती. तरीही नाशिकच्या अधिवेशनात ठराव मंजूर झाले ते नेहरूंच्या धोरणाचे. त्याच वर्षी पाकिस्तानबरोबर झालेला, अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा नेहरू-लियाकत करार पटेलांना फारसा रुचला नव्हता, पण तो लोकांच्या गळी उतरवायला तेच कोलकात्याला गेले. २ ऑक्टोबरला इंदूरमध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले की नेहरू आपले नेते आहेत आणि आपण बापूंचे सैनिक आहोत. मोठ्या सरांचे ते कप खाली ठेवणे याच जातीचे होते, आणि शिक्षकखोलीतल्या खुशामतखोरांना तेव्हाही ते कळले नव्हते; दोघे निवृत्त झाल्यावर 'त्यांचे एकमेकांशी बोलणेच नव्हते' असे त्यांनीच नव्या शिक्षकांना सांगितले.

पटेल गेल्यानंतर जे घडले ते मात्र मला आवडत नाही. टंडन यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला आणि पंतप्रधान नेहरू स्वतःच पक्षाचे अध्यक्ष झाले. सरकार आणि पक्ष एकाच हाती आले, आणि समोर बसून नाही म्हणू शकेल असा बरोबरीचा माणूस उरला नाही. ज्यांना नेहरूंवर टीका करायची आहे त्यांनी ती इथे करावी. मी ती वाचेन, आणि बरीचशी मान्यही करेन.