गुडघ्याच्या स्कॅनमधली ‘गाठ’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘गुडघा बदलण्याआधी सीटी स्कॅन करायला लावतात, त्यात मुद्दाम कुठली तरी गाठ दाखवतात आणि ऑपरेशन अडवून पैसे उकळतात. स्कॅन करू नका. झालाच असेल तर गुडघ्याशिवाय बाकीचे वाचू नका.’ हा संदेश सोलापुरात घरोघरी फिरतो आहे. पूर्व भागात बिड्या वळणाऱ्या एका मावशींनी तो मला दाखवला आणि स्वतःचा रिपोर्ट माझ्या टेबलावर पालथा ठेवला. असे स्कॅन वाचणे हेच माझे रोजचे काम असल्याने या संदेशाला उत्तर देणे मला भाग आहे.

सीटी अनावश्यक असतो, हा पहिला आरोप अर्धा खरा आहे. नेहमीच्या पद्धतीने गुडघा बदलायचा असेल तर साधे एक्स-रे बहुधा पुरतात, आणि सीटी कशासाठी हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. काही रोबोटिक यंत्रणांमध्ये मात्र हाडाचा त्रिमितीय आराखडा सीटीवरूनच तयार होतो.

गुडघ्याच्या स्कॅनमध्ये ओटीपोटातले कसे दिसते, यावरून लोकांना सर्वाधिक संशय येतो. पायाचा अक्ष खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत मोजावा लागतो, म्हणून गुडघ्यासोबत खुबा आणि घोटाही स्कॅनमध्ये घेतात. खुब्याच्या त्याच छेदांत मूत्राशय आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेटही येते. जे दिसले ते लिहिणे हे रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरचे कर्तव्य आहे.

गाठ म्हणजे कर्करोगच, ही भीती तर साफ चुकीची आहे. मावशींच्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, ज्वारीच्या लाह्यांसारखे पांढरे ठिपके होते. हाडाची कड मात्र सगळीकडे शाबूत होती. याला एन्कोन्ड्रोमा म्हणतात. ही हाडाच्या आतली कूर्चेची साधी गाठ असते आणि ती बहुधा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने सापडते. कड कुरतडलेली असेल, गाठ वाढत असेल किंवा सांध्याच्या झिजेने उलगडा न होणारी, रात्री झोप मोडणारी वेदना असेल, तर पुढे तपास करावा लागतो. गुडघ्यामागची पाण्याची पिशवी, म्हणजे बेकर सिस्ट, ही तर अनेकदा त्या झिजलेल्या सांध्याचीच देणगी असते.

भुलीआधी काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये मावशींच्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक पांढरा ठिपका होता. ‘जुना फोटो आहे का?’ असे विचारल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी ट्रंकेत चादरींच्या घडीखाली ठेवलेली आठ वर्षांपूर्वीची फिल्म आणली. तोच ठिपका, तेवढाच, त्याच जागी: बऱ्या झालेल्या क्षयाचा चुना धरलेला व्रण. त्यासाठी नव्या तपासणीचा एक रुपयाही लागला नाही. छातीच्या सीटीत सापडणाऱ्या गाठींसाठीही फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या स्कॅन-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2017 सालची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार धूम्रपानासारखा धोका नसलेल्या, 35 वर्षांवरील व्यक्तीच्या फुप्फुसात 6 मिलिमीटरपेक्षा लहान घन गाठ असेल, तर सहसा पुन्हा स्कॅनही करावा लागत नाही. आधी कर्करोग झालेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्यांना मात्र हा नियम लागू नाही.

राहिला ऑपरेशन अडवण्याचा आरोप. बहुतेक निष्कर्षांमुळे तारीख हलत नाही. सक्रिय क्षय किंवा लघवीचा त्रासदायक जंतुसंसर्ग आढळला तर थांबावेच लागते, कारण कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर कधीकधी तो सांधा काढण्याची वेळ येते.

भीतीपोटी जास्तीच्या तपासण्या लिहून दिल्या जातात, हे मी नाकारत नाही. म्हणूनच गाठ किती मिलिमीटरची आहे, जुन्या फिल्मशी ताडून पाहिली का आणि पुढच्या तपासणीने उपचारात काय बदलणार, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण ‘वाचू नका’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्या माणसाच्या छातीत नवी सावली दिसली, तर ती वेळेवर सापडण्याची संधी कदाचित त्या एकाच रिपोर्टमध्ये असते.