तिशी उलटलेल्या पोहणाऱ्यावर संशय कसा घ्यावा

गेल्या रविवारी मास्टर्सच्या, म्हणजे प्रौढांच्या, पोहण्याच्या स्पर्धेत साठीला टेकलेल्या एका गृहस्थांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकली. फलकावर वेळ झळकायच्या आत मागच्या रांगेतून वडापाव खाता खाता निकाल आला, ‘घेत असणार काहीतरी!’ नमुना नाही, प्रयोगशाळा नाही, सुनावणी नाही. इतकी झटपट उत्तेजक चाचणी जगात कुणालाच जमलेली नाही, म्हणून ती सगळ्यांना शिकवावी म्हणतो.

सुरुवात वयापासून करा. वेळ विचारू नका. आकडे आले की अभ्यास करावा लागतो.

सरावाला अमेरिकेची डारा टोरेस घ्या. बीजिंग ऑलिंपिक २००८, वय ४१, घरी दोन वर्षांची मुलगी, ५० मीटरला २४.०७ सेकंद, ब्रिटा स्टेफनकडून शतांश सेकंदाने हुकलेलं सुवर्ण. बस, इथेच थांबा. सिडनीत २००० साली, ३३ व्या वर्षी, ती याच शर्यतीत २४.६३ पोहली होती हे शोधू नका. शोधलंत तर फरक ०.५६ सेकंदांचा निघेल, मग त्यातला किती २००८ च्या पॉलियुरेथेनवाल्या वेगवान सूटचा हा प्रश्न येईल, मग २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम पडले आणि १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंद झाले इथपर्यंत जावं लागेल. तोवर वडापाव गार.

तिने स्वतःहून जादा रक्त-लघवी चाचण्यांसाठी नाव दिलं होतं. त्यावर म्हणा, ‘चोराच्या मनात चांदणं.’ दिलं नसतं तर? ‘बघा, टरकली!’

शरीरशास्त्राच्या वाटेला जाऊ नका, तिथे फार गैरसोय आहे. ५० मीटर वीस-पंचवीस सेकंदांत संपतं आणि त्याचं बरंचसं इंधन स्नायूंत आधीच साठवलेलं असतं. वयाबरोबर प्राणवायू वापरायची क्षमता घसरते, पण तिचा मोठा दणका १५०० मीटरला बसतो. ताकद जाते, तरी नियमित वजनं उचलणाऱ्याची सावकाश जाते. खरा घोळ होतो तो रिकव्हरीचा. विशीत एका रात्रीत जिरणारा सेट चाळिशीत दोन-तीन दिवस अंगात राहतो, आणि त्याच थकव्यावर पुढचा सेट लादला की आधी खांदा बोलतो. म्हणून जाणता कोच मीटर कापतो, जिम वाढवतो आणि डाइव्ह, ब्लॉकवरची पकड, पहिले १५ मीटर घासून घेतो, कारण स्प्रिंटमधली बरीचशी कमाई तिथेच होते. टोरेस आठवड्यातून पाचदाच पाण्यात उतरायची. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकेव्हॉयने हजारो मीटरचं रतीब पोहणं सोडलं, जिममध्ये घाम गाळला, पाण्यात थोडंच पण पूर्ण वेगाने पोहला आणि पॅरिस ऑलिंपिकला ३० व्या वर्षी ५० मीटरला २१.२५ मध्ये सुवर्ण घेतलं. अमेरिकेचा अँथनी अर्विन हीच ऑलिंपिक शर्यत १९ व्या वर्षी जिंकला तसाच ३५ व्या वर्षीही जिंकला. निकोलस सांतोस ४२ व्या वर्षी २५ मीटरच्या तलावात ५० मीटर बटरफ्लायचा जगज्जेता झाला. ही नावं तोंडपाठ असलेल्या माणसाशेजारी बसू नका.

पैशाचा विषय काढू नका. पूर्वी कॉलेज संपलं की पोहणं संपायचं, कारण पोट भरायचं असायचं. आता काहींना तिशीपर्यंत प्रायोजक मिळतात, म्हणून तिशीतले पोहणारे दिसतात. आपल्याकडे तेही नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ व्या वर्षी बीजिंगला गेला, पुढे तहसीलदार झाला आणि परत येऊन २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटरला चौथा आला. ब्राँझ हुकलं शतांश सेकंदाने. (त्यावर संशय कुणी घेतला नाही. पदक नव्हतं ना.)

पोहणारी चौदा-पंधरा वर्षांची असेल तर मात्र निर्धास्त टाळ्या वाजवा. कोवळी पोर, ती काय घेणार? पूर्व जर्मनीत तेच वय निवडलं होतं. ओरल-टुरिनाबोल या स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या पोरींना जीवनसत्त्वं म्हणून चारल्या आणि १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पोहण्यातल्या महिलांच्या १३ पैकी ११ सुवर्णपदकं नेली. अमेरिकेच्या शर्ली बाबाशॉफने तोंड उघडलं, तर रडकी म्हणून तिचीच हेटाळणी झाली. १९९४ ला रोमच्या जागतिक स्पर्धेत चीनच्या मुलींनी १६ पैकी १२ सुवर्णपदकं घेतली आणि महिनाभरातच हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत चीनचे सात जलतरणपटू डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामध्ये सापडले. १९९८ ला सिडनी विमानतळावर एका चिनी पोहणारीच्या सामानात वाढीच्या संप्रेरकाच्या १३ कुप्या निघाल्या. २०२१ च्या सुरुवातीला चीनच्या २३ जणांच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडिन आलं. हे औषध कुणाचं? छातीत कळ येणाऱ्या आजोबांचं! हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आलं, असा खुलासा झाला, ‘वाडा’ने, म्हणजे उत्तेजकांविरुद्धच्या जागतिक संस्थेने, तो मान्य केला, बंदी कुणावरच नाही, आणि जगाला पत्ता लागला २०२४ च्या एप्रिलमध्ये. आणि तुम्ही शंका कुणावर घेता? निवृत्तिवेतनाला आलेल्या माणसावर!

चाचणी कशी होते हे तरी कधी विचारलंत? चाचणीसाठीच्या नोंदणी यादीतल्या खेळाडूला दर तिमाहीला रोजचा पत्ता आणि रोजचा एक तास लिहून द्यावा लागतो. त्या तासात दार उघडलं नाही आणि असं बारा महिन्यांत तीनदा झालं, की बंदी. अधिकाऱ्यासमोर कपडे वर करून किमान ९० मिलिलिटर लघवी द्यायची. शर्यतीनंतर अंगातलं पाणी आटलेलं असतं, म्हणून तासन्‌तास बसायचं; घटाघट पाणी प्यायलात तर नमुना पातळ भरतो आणि परत सगळं पहिल्यापासून. ए आणि बी बाटल्या सीलबंद करायच्या, आणि दहा वर्षांपर्यंत तो नमुना पुन्हा तपासला जाऊ शकतो.

एवढं करून निगेटिव्ह आलं म्हणजे माणूस स्वच्छच, असं मीही म्हणत नाही. अगदी थोडा थोडा डोस घेणारे निसटतात. मग शंका घ्या, पण नीट घ्या. वय नाही, वेळांचा आलेख बघा. आयर्लंडच्या मिशेल स्मिथने २६ व्या वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेतली. ती २६ ची होती म्हणून जाणकारांच्या भुवया वर गेल्या नव्हत्या. चोविशीनंतर वेळा अचानक कोसळत गेल्या म्हणून गेल्या. १९९८ ला तिच्या नमुन्यात दारू मिसळलेली निघाली, चार वर्षांची बंदी झाली. पदकं अजून तिच्याकडेच आहेत.

पण आलेख बघायला वीस वर्षांच्या वेळा काढून बसावं लागतं, आणि तुम्हाला ते करायचंच नाही. तुम्हाला एवढंच सहन होत नाही की आपल्याला जिना चढताना धाप लागते आणि हा माणूस ब्लॉकवरून झेपावतो. पहाटे पाचला तलावावर तो असतो, तुम्ही नसता.

आणि तुमच्याच मांडीवरच्या पिशवीतला तो शेकर? मुलगा तेरा वर्षांचा, पावडर कोपऱ्यावरच्या दुकानातली, बॅचची तपासणी झालेली आहे की नाही ते दुकानदारालाही ठाऊक नाही. ५,००० हून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत २०२३ साली पॉझिटिव्हचं प्रमाण सर्वाधिक भारताचं होतं, ते साठीतल्या पोहणाऱ्यांमुळे नव्हे. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी आपले खेळाडू मिथाइलहेक्झानामिन या उत्तेजकात अडकले, त्यांत पोहणारेही होते. डब्यांवर ते ‘जिरेनियमचा अर्क’ म्हणूनही छापलेलं असतं. कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, हे शिक्षा कमी करताना बघतात. नमुन्यात निघालं की जबाबदार खेळाडूच. तुमचा मुलगा सापडला तर डाग त्याच्या नावापुढे लागेल, दुकानदाराच्या नाही, आणि तुमच्याही नाही.